बंद नळीतली फुंकर

३ मार्च, सोमवार. संध्याकाळचे सहा दहा.
ताईच्या स्वयंपाकघरात बूट पुसून झाले, आता लिहितो आहे. नोकरी लागली! बॉयलरच्या नळ्या जोडायचं यंत्र मिळालं. दोन नळ्यांची तोंडं समोरासमोर धरायची. चुंबकाच्या जोरावर विजेची ज्वाळा कडेकडेने गरगर फिरते, पोलाद लाल होतं आणि यंत्र तोंडावर तोंड दाबतं. झाला सांधा. आधी मी नळीत फुंकर मारायची. पलीकडे जुने कारागीर दादा तळहात धरून बसतात. वारा लागला की मान हलवतात, म्हणजे नळी मोकळी. ताईने विचारलं, फुंकायचा पगार देतात का? भाऊजी म्हणाले, दिलेला फुंकू नकोस म्हणजे झालं.

५ मार्च, बुधवार.
आज एका टोकाला बूच असलेल्या नळ्या आल्या. अशा दोन जोडल्या की दोन्हीकडून बंद. या ब्रशने झाडायच्या, फुंकायच्या नाहीत, असं दादांनी दोनदा बजावलं. का, तर म्हणाले, बाळा, परत न येणारी वस्तू उसनी देऊ नये. मला हसू आलं. शेवटच्या नळीत ब्रशचा एक केस राहिला होता. मला ते बघवेना. फुंकर मारली, यंत्र चालवलं. सांधा सुरेख बसला. नंतरचा श्वास मात्र थोडा अपुरा आला.

६ मार्च.
जिन्यात तीनदा बसलो. डॉक्टर म्हणाले, छाती साफ आहे, घोड्यासारखा धावशील.

७ मार्च.
दादांना सांगितलं. वाटलं, थट्टा करतील. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. म्हणाले, ती नळी शोध, बुचातला स्क्रू काढ, तोंड लावून श्वास ओढून घे. पाण्याच्या दाबाची चाचणी व्हायच्या आत, त्याच भोकातून नळीत पाणी भरतात. तुझ्या जागेवरचा आधीचा माणूस कोरड्या फरशीवर बुडून गेला.

८ मार्च. दुपार.
सगळ्या नळ्या सारख्या, गार. एकच कोमट. कान लावला — आत कुणीतरी माझ्याच लयीत —
पाना आणायला गेलो, तेवढ्यात चाचणीवाल्यांनी ती उचलून नेली.

चाचणीघर आतून बंद. काचेतून नळी दिसते. ओरडायला दम नाही, म्हणून हे पान काचेला लावतो —
थांबवा. त्या नळीत माझा श्वास आहे.
वाचून हसले. एकाने हात हलवला.

त्यांनी नळ सोडला. पाणी गार. छातीच्या तळाशी — दादा दार ठोठावताहेत — लोखंडाची चव — वर येतंय — ताईला सांगा, मी पाण्याजवळ गेलोच न