भात्यावरचा हात

मुंबई, १९७४

काशम्माआत्या, वाकून नमस्कार.

काल हॉटेलात एका गोऱ्या पाहुण्याने विचारलं, "पियानोवर जॅझ वाजवताना मधेच थांबतोस, हे कुणाकडून घेतलंस?" मी एका अमेरिकन पियानोवाल्याचं नाव ठोकून दिलं. खोटं बोललो.

सोलापुरात माझा डावा हात मोडला होता, तेव्हा सोमवारच्या भजनात माझ्या पेटीचा भाता तू मारायचीस. पेटीच्या सुरात शब्द बुडाले की हात थांबवायचीस. "गप की जरा, देवाला शब्द ऐकू देत!" माझी बोटं पट्ट्यांवर तशीच राहायची.

हे पत्र तुला तुझा धाकटा मल्लप्पा वाचून दाखवणार, आणि मी दारू पिणाऱ्यांसमोर वाजवतो हे तुला कळणार. म्हणून पोस्टात टाकत नाही.

पियानोला भाता नसतो गं आत्या. तरी मी थांबतो, आणि तुझा हात हलायची वाट बघतो.

तुझाच,
ईश्वरप्पा