फिजाचं यंत्र आणि शाळेचा उतार

ती. सौ. गंगाताईस,

सा. न. वि. वि. तुझे गुडघे आणि भावोजींची साखर दोन्ही ताळ्यावर असतील असं धरून चालतो. मी बरा आहे, म्हणजे शाळेत जातो आणि परत येतो.

आमच्या चौथीत फिजा म्हणून मुलगी आहे. बाप हाशिम मासेमारीच्या बोटीवर, आई सईदा सुकी मासळी विकते. पोरीला ऐकू फार कमी येतं. सरकार अशा मुलांसाठी शाळांना निधी देतं, म्हणून मी तिच्यासाठी कानाचं यंत्र मागितलं. (वेबसाइट चालते तेव्हा रेंज नसते, रेंज असते तेव्हा वेबसाइट झोपलेली असते. त्यात अख्खा पावसाळा गेला.) आठ महिन्यांनी मंजुरी आली ती शाळेला चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधायची. कार्यालयात फोन केला, तर तिथले साहेब म्हणाले, शाळेला उतार नाही असं तुम्हीच एका रकान्यात लिहिलंय. लिहिलं होतं खरं. नव्हताच तर काय लिहू?

दोन पायऱ्यांच्या शेजारी चिऱ्याचा उतार झाला. मग साहेब लाभार्थीचा फोटो काढायला आले. मी सांगितलं, हिचे पाय ठणठणीत आहेत, अडचण कानाची आहे. त्यांची ती त्या दिवसातली सातवी शाळा होती. म्हणाले, "गुरुजी, तिला चढवा आणि मला सोडा." फिजा चढली. साहेब मागून थांब म्हणाले, ते तिला ऐकू गेलं नाही. ती सरळ वर्गात जाऊन आपल्या जागेवर बसली. असं चारदा. पाचव्यांदा तिला खुणा करायला मीच उतारावर उभा राहिलो, आणि अहवालात नेमका तोच फोटो छापून आलाय. खाली लिहिलंय, 'लाभार्थी'.

हसून झालं असेल तर पुढचं वाच. परवा सईदा शाळेत आली. म्हणाली, "सर, फिजा शाळा नको म्हणते. सगळे हसले की मी पण हसते, म्हणते, कशाला ते कळत नाही." ती गेल्यावर बराच वेळ उताराकडे बघत बसलो. हल्ली त्यावर शेळ्या बसतात.

भावोजींना नमस्कार.

तुझा विनीत
(नावाने होतोच, आता सवयीनेही)

ता. क. मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात कान तपासून यंत्र मोफत देतात. बावीस तारीख मिळाली आहे. मायलेकी तीन दिवस तुझ्याकडे राहतील. विचारत नाहीये, तिकिटं काढलीत.

आणखी एक ता. क. सईदा कोणाचे उपकार घेत नाही. म्हणून तिला सांगितलंय की हे सगळं योजनेत बसतं, आणि तुझं घर म्हणजे सरकारी विश्रामगृह आहे. तेव्हा कृपा करून फार प्रेमाने वागू नकोस. निदान पहिला चहा तरी उशिरा दे.