झाडून टाकलेली पावलं

लॉजचं स्वयंपाकघर, लुआंग्वा नदीकाठ
२८ ऑक्टोबर १९९८

ती. झेलिपाताईस,
धाकट्या एनेलेसीचा सा. न. वि. वि.

भाजीच्या ट्रकवाल्याकडे हे पत्र देते आहे. मागच्यासारखं सीटखाली विसरू नये म्हणून त्याला भट्टीतले गरम पाव खायला घातलेत, तेव्हा पोचेल.

ताई, आधी रागावून घे, मग पुढचं वाच. तुझी लेक तियामिके इथे माझ्या नजरेखाली पाहुण्यांच्या चादरी धुते ना, तिला आमच्या मोठ्या वाटाड्याने निवडलंय. पाहुण्यांना रानात घेऊन जायचं, प्राणी दाखवायचे, ते सगळं शिकायला! मुलींमध्ये ही पहिलीच. पोरगी आधी आनंदाने रडली, मग तुझी आठवण झाली आणि खरोखरची रडली. घरच्यांचा होकार असल्याशिवाय मुलीला रानात नेणार नाही, असं वाटाड्याने बजावलंय. म्हणजे सगळं तुझ्यावर येऊन थांबलं.

पाऊस लागून रस्ते बंद व्हायच्या आत मालक दरवर्षी कामगारांच्या घरच्यांना पाहुणे म्हणून बोलावतात. मुलंबाळं, म्हातारीकोतारी, सगळ्यांना. शिजवायचं नाही, वाढायचं नाही, खुर्चीत बसून खायचं. तू ये. डोळ्यांनी बघ आणि मग नाही म्हण. माझ्या हातचा केक खाऊन तरी नाही म्हण!

तियाने नमस्कार सांगितलाय, घाबरत घाबरत. लोभ आहेच, हे वाचून तो कमी करू नकोस.

तुझी,
एनेलेसी


४ नोव्हेंबर १९९८

चि. एनेलेसीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. पाव खाल्ल्याचं ट्रकवाल्याने स्वतःच सांगितलं, वर ते जरा करपले होते असंही म्हणाला.

तू लहानपणापासून अशीच. आधी लाडीगोडी, मग घाव. तुला मी आठवण करून द्यायला हवी का गं? सहा पावसाळे झाले. मका हाताशी आला होता. हत्ती शेतात घुसले म्हणून लामेक मचाणावरून उतरला, ढोल बडवत त्यांच्या अंगावर धावून गेला, आणि सकाळी आपण त्याला चादरीत गोळा करून घरी आणलं. त्या चादरीचं दुसरं टोक तुझ्याच हातात होतं. आता त्याच हत्तींच्या मागे त्याची लेक फिरणार? विमानात बसून लांबून लोक येतात त्यांना बघायला, येवोत. त्यांच्या शेतात नाही शिरले हत्ती. माझ्या शिरले.

तरी मी येते. केक खायला नव्हे, तियाला घरी आणायला. तिची पेटी बांधून ठेव. कोंबड्या शेजारची मालिता बघेल, अर्धी अंडी स्वतः खाईल, पण बघेल. वाळवलेली भेंडी आणि शेंगदाण्याचं कूट घेऊन येते, तुमच्या त्या लॉजवर मक्याच्या न्सिमाबरोबर कसला पाला वाढतात कोण जाणे.

माया आहे तेवढीच आहे. तू मात्र जीभ आवरून राहा.

तुझी ताई,
झेलिपा


१७ नोव्हेंबर १९९८

ती. ताईस, सा. न. वि. वि.

नीट पोचलीस ना? तू गेल्यापासून सगळं लॉज तुझंच नाव घेतंय. अगं, पाहुणी म्हणून आलीस आणि उजाडता उजाडता केरसुणी शोधून अंगण झाडलंस! तेही आपल्या खोलीपुरतं नाही, थेट नदीपर्यंत! रात्री कोण कोण येऊन गेलं ते पावलांवरून दाखवायला मोठा वाटाडा पोरांना घेऊन निघाला, तर जमीन चुलीपुढल्यासारखी स्वच्छ. बिचारा डोक्याला हात लावून उभा. शेवटी त्याने पोरांना तुझ्या केरसुणीच्या रेघाच दाखवल्या. म्हणाला की हा प्राणी खेड्यात राहतो, फार चिडका असतो आणि अंगावर येतो. पोरं हसून लोळली.

झालं हसून. आता मुद्द्याचं. रविवारी हत्ती आले तेव्हा मी भट्टीपाशी होते. आंबे पिकले की ते येतातच. आंब्याचं झाड आतल्या चौकात, आणि मालकांनी लॉज बांधलंच त्यांच्या वाटेवर, म्हणून पुढच्या दालनातून सरळ आत शिरतात. मला काहीच दिसलं नाही. एवढी माणसं असून सगळीकडे एकदम गप्प झालं, तेवढं कळलं. बाहेर आले तर तू जमिनीवर बसलेली, शेजारी तिया. मग दुपारच्या ट्रकने तू एकटीच निघून गेलीस. ना हो, ना नाही. जेवलीसही नाहीस.

काय झालं गं तिथे? तिया काही सांगत नाही. पेटी बांधून तिच्यावरच बसून असते. पुढच्या गुरुवारी वाटाड्याला उत्तर द्यायचंय, नाहीतर तो दुसऱ्या कोणाला घेईल. रागावली असशील तर माझ्यावर रागाव, तिला भरीला मीच घातलं. पण कळव. मला भीती वाटते आहे.

लोभ असू दे, निदान उत्तरापुरता तरी.

तुझी,
एनेलेसी


२१ नोव्हेंबर १९९८

चि. एनेलेसीस आशीर्वाद.

रागावले नाही. शब्द सापडत नव्हते, एवढंच. माझ्यासारखीला शब्द सापडू नयेत, हस आता पोटभर.

आधी त्या झाडण्याचं. केरसुणी सवयीने घेतली हे खरं. पण दार उघडून बघते तर माझ्या उशाच्या भिंतीला लागून हत्तीची पावलं. सुपाएवढी. शेजारी पिल्लाची. म्हणजे मी आत घोरत होते आणि हत्तीण हातभरावर उभी होती! रक्त खवळलं माझं. तियाला ती दिसूच नयेत म्हणून झाडली. पावलं नदीपर्यंत जात होती, मीही झाडत नदीपर्यंत गेले. मनात म्हटलं, मिटवलं एकदाचं.

आणि थोड्या वेळाने ती स्वतःच आली.

मी दालनात त्या मऊ खुर्चीत, हातात चहा. आधी उजेड गेला. वर पाहिलं तर दारात हत्तीण, अख्खं दार भरून. एवढं थोरलं जनावर, पण पायऱ्या चढताना आवाज म्हणून नाही गं! मागून पिल्लू. त्याला पायरी चढता येईना, तर तिने वळून सोंडेने त्याला ढुंगणाखाली आधार दिला, आपण पोरांना देतो तस्सा. सहा वर्षं मी ठरवत होते, समोर आली की थुंकेन, तळतळाट देईन. काही म्हणजे काही आठवलं नाही. एनेलेसी, मी लामेकलासुद्धा विसरले. चर्चमध्येही कधी अशी बसले नाही. डोळ्यांना धारा लागल्या आणि त्या दुःखाच्या नव्हत्या. त्याचीच लाज वाटली नंतर, म्हणून घास उतरला नाही.

मग ते पिल्लू माझ्याकडे वळलं. आई थबकली, तिचे कान पसरले. मी पळायलाच उठले होते. तेवढ्यात मागून तियाचा आवाज आला, अगदी हळू. तिने सांगितलं की आई, पळू नकोस, खाली बस, तिला वाट दे. त्या पोरीचं मी जन्मात एक ऐकलेलं नाही, पण बसले. ती धावली नाही, ओरडली नाही. माझ्या शेजारी येऊन टेकली आणि हत्तिणीशी बोलत राहिली, बाळंतिणीशी बोलावं तसं. हत्तिणीने कान मिटले. आमच्या पायांजवळून ती पलीकडे गेली. तिच्या पोटातली गुरगुर माझ्या छातीत वाजली. पापण्या दिसल्या, लांबच लांब. मग आंबे खाण्याचा आवाज येत राहिला आणि आम्ही दोघी तशाच बसून राहिलो.

तियाला जाऊ दे. वाटाड्याला माझा होकार सांग. मी भ्यालेली आहे आणि रोज भिणार आहे. मका आला की मी थाळ्या बडवून हत्तींना हाकलणार, शिव्याही देणार, ते काही सोडत नाही. तिने त्यांना खुशाल पाहुण्यांना दाखवावं.

घरी आल्यावर लामेकच्या कबरीवर गेले होते. सगळं सांगितलं त्याला. मग भांडले. म्हटलं, धावत कशाला गेलास रे? थांबायचं होतंस, खाली बसायचं होतंस, तिला वाट द्यायची होतीस. आणि मग माझंच मला कळलं की हे त्याला सांगणारं तिथे कोणीच नव्हतं.

पोरीला माझ्या वाटणीची माया तूच दे, मी येईपर्यंत.

ताई