कावळ्याचा फोटो निघाला नाही

सोमवार, संध्याकाळ. निपाणी

बॅटरी वाचवत होता म्हणे! लोकांच्या लग्नात दिवसभर फोटो काढतोय माझा दीर, आणि सख्ख्या भावाच्या रक्षाविसर्जनाला कॅमेरा बंद करून उभा. दुबईच्या लेकीला दाखवायला फोटो पाहिजे, असं मी बजावलं होतं.

नैवेद्याला कावळा शिवेना. तो बुजू नये म्हणून सगळे पाठ फिरवून लांब थांबले. जवळ एकटा दीर. शेवटी मी डोळे मिटून ह्यांना म्हटलं, "तुमच्या आईला मी सांभाळीन. जावा आता." तेवढ्यात दीर ओरडला, "शिवला की वैनी! कॅमेरा चालू हुईपर्यंत उडाला बघा."

फोटोत नुसती भाताची मूद, एका बाजूनं ढासळलेली. चोचीनं का वाऱ्यानं?

म्हातारी आत खोकतीय. तिला मी नको, मला ती नको. कावळा शिवला असंल तर माझं वचन पोचलं, ती इथंच राहील. नसंल तर हे अजून नदीवर उभे असतील, माझी वाट बघत. परत फोटो बघितला. ती ढासळलेली मूद.

रविवारी नणंद म्हातारीला कायमची संकेश्वरला न्यायला येणार. भावजी, त्याच्या आत आईच्या डोक्यावर हात ठेवून सांगा, कावळा बघितलासा का न्हाय?