पिसाऱ्यातला लाल डोळा

मेहकर,
मंगळवार, ७ मार्च १९६७

प्रिय पूर्णा,

येत्या रविवारी तुला पाहायला मंडळी येणार आहेत, हे मला कळलं. तुझ्याकडून नाही, तुझ्या शेजारच्या बेबीताईकडूनही नाही. साखरखेर्ड्याच्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईकडून कळलं. मी तुझा कोण हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून तिनं ते हसत हसत सांगितलं. तेव्हापासून तुला तीन पत्रं लिहिली आणि फाडली. पहिल्यात नुसत्या शिव्या होत्या. दुसऱ्यात रडगाणं होतं, ते वाचून मलाच माझी किळस आली. तिसऱ्यात मी तुला 'सौभाग्यकांक्षिणी अन्नपूर्णाबाई' म्हटलं होतं, टोमणा म्हणून. हे चौथं. हे फाडायला वेळ नाही, कारण बेबीताई उद्या सकाळच्या गाडीनं चिखलीला परत निघालीय आणि हे तिच्या पिशवीत, पापडाच्या डब्याखाली घालून द्यायचंय. डोकं थंड ठेवून लिहीन म्हणतो. जमेलच असं नाही, माझं डोकं तुला माहीत आहे.

अकोल्याचं कॉलेज सोडून सव्वा वर्ष झालं. घरी गेलो, तर नवव्या दिवशी जेवताना बाबा म्हणाले, "वावरात तू कामाचा नाहीस, शिकायले बी नाहीस, मंग हायेस कायले?" मी ताटावरून उठलो तो मेहकरला आलो. इथं भाऊराव म्हणून एक गृहस्थ साप्ताहिक काढतात. पायानं चालवायचं छपाईचं एक ट्रेडल मशीन, दोन खोल्या, आणि सगळीकडे शाईचा आणि रॉकेलचा वास. त्यांच्या अंकात 'आपली माणसं' नावाचं सदर असतं, ते मी चालवतो. गावोगाव जायचं, माणसं गाठायची आणि चार प्रश्न विचारायचे: नाव-गाव काय, धंदा काय, छंद काय आणि तरुणांना संदेश काय. सुरुवातीला मला वाटलं, वा, माणसांशी बोलायचं काम आहे, कॉलेजात जे शिकवत नाहीत ते इथं मिळेल. पूर्णा, चाळीस माणसं झाली. आता कोणी 'छंद' हा शब्द उच्चारला की मला मळमळतं. संदेशाचं तर विचारूच नकोस. जो तो तरुणांना कष्ट करा म्हणतो, लोडाला टेकून.

एक उत्तमराव आहेत, जिल्हा परिषदेचे सभासद. बैठकीत काचेचं कपाट, पुस्तकांनी गच्च. छंद विचारला तर म्हणाले, "वाचन! वाचल्याबिगर मले झोप येत नाही." चहाचं सांगायला ते आत गेले तेव्हा मी एक पुस्तक काढून पाहिलं. पानं जोडलेलीच, कोणी कडा कापल्याच नव्हत्या. दुसरं काढलं, तेही तसंच. बाहेर आले तेव्हा मी पुस्तक त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, यातलं तुम्हाला काय आवडलं ते जरा दाखवा. चहा काही आला नाही. अंकात मात्र 'ग्रंथप्रेमी उत्तमराव' असा मथळा आला, आणि मजकूर सगळा भाऊरावांचा. वर मलाच ऐकवलं, "पंजाब, तू मुलाखत घ्याले जातो का झडती घ्याले बे?"

आणि गुलाबराव. सरकारी दवाखान्यात कंपाउंडर आहेत, दिवसभर औषधाच्या बाटल्यांवर डोसाच्या कागदी खुणा चिकटवतात. कोणीतरी सांगितलं होतं की लग्नसराईत दूर जालन्याकडे जाऊन ते बँडात क्लॅरिनेट वाजवतात. विचारलं तर आधी नाही म्हणाले. मग औषधाच्या खोलीचं दार लावलं, क्लॅरिनेटच्या तोंडात फडकं कोंबलं, कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून, आणि वाजवलं. पूर्णा, त्या कार्बोलिकच्या वासात मी असं काही ऐकलं की माझ्या अंगावर काटा आला. संपल्यावर त्यांनी माझा हात धरला. "भाऊ, हे छापू नका. पोरगी लग्नाची हाय. सोयरे म्हणतीन, बँडवाल्याची पोट्टी." भाऊरावांनी छंदाच्या जागी 'समाजसेवा' घातलं. मी दिवसभर चरफडत होतो. शी! काय लोक आहेत! एकाकडे जे नाही ते तो कपाटात मांडतो, दुसऱ्याकडे आहे तर तो त्याच्या तोंडात फडकं कोंबतो. तेव्हा मला वाटायचं, या अख्ख्या तालुक्यात खरा माणूस म्हणजे मीच एक.

तर मागच्या बुधवारी साखरखेर्ड्याला गेलो होतो. तिथं शालूबाई राहतात. नवरा शिंपीकाम करायचा, तो गेल्यावर त्याचंच मशीन त्या चालवतात. झंपर, परकर, उशांचे अभ्रे. मी धंदा विचारला तर म्हणाल्या, "दिसत नाही का? पाय हालोतो." छंद विचारल्यावर जोरात हसल्या. "कॉलेज सोडून लोकाईच्या घरी हेच इचारत फिरता का भाऊ? माय काही म्हणत नाही?" मी रागावलो असतो, पण त्यांनी तेवढ्यात पेटीतून कापडं काढली. भरतकाम होतं. कण्हेरीची फांदी, हरणाची जोडी, कणसावर बसलेले पोपट. कुठे दोरा ओढलेला नाही, मागची बाजू पुढच्यासारखीच साफ. मी म्हटलं, हे तुम्ही कुठे मांडत का नाही? त्यावर त्यांनी सांगितलं, आणि तिथून सगळं बिघडलं.

त्यांचा एक मोर आहे. काळ्या साटिनवर भरलेला, काचेच्या फ्रेममधला. कोणाच्या पोरीला पाहायला पाहुणे येणार असले की तो मोर त्या घरी जातो. भिंतीवर लागतो. पाहुणे विचारतात, मुलीला काय काय येतं? आई मोराकडे बोट दाखवते. मुलगी मान खाली घालते. जमलं की मोर साखरखेर्ड्याला परत. "अकरा लग्नं लावून आला माहा मोर," शालूबाई म्हणाल्या, "एखाद्या भटजीनं लावले नसतीन." एका घरी तर नवरदेवाच्या बहिणीनं फ्रेमकडे पाहिलं आणि तिला घामच फुटला. दोन वर्षांपूर्वी हाच मोर तिनं स्वतःचा म्हणून दाखवला होता. ती बोलणार काय? म्हणाली, "छान काढलाय हो." हे सांगताना शालूबाईंच्या डोळ्यांतून हसून पाणी आलं. मला हसू येईना. मी म्हटलं, तो मोर मला पाहायचाय. त्या म्हणाल्या, "आता नाही इथं. चिखलीले गेला. नारायणरावाच्या अन्नपूर्णेले रविवारी नाही तं पुढच्या रविवारी पाहाले येऊन राह्यले."

माझा चेहरा कसा झाला कोण जाणे. घाम पुसायला मी खिशातून रुमाल काढला. तुझा रुमाल. अकोल्याच्या स्टँडवर तू दिलेला, कोपऱ्यात छोटा मोर भरलेला. तू बोट पुढं केलं होतंस, सुई टोचली म्हणून, आणि मी येड्यासारखा त्या बोटाकडे बघत राहिलो होतो. सव्वा वर्ष तो रुमाल मी नाकाला लावला नाही, धुतला तोही स्वतःच्या हातानं. शालूबाईंनी तो माझ्या हातातून घेतला, उलटा केला आणि म्हणाल्या, "अगं माय, हा बी माह्याच!" मी म्हटलं, कशावरून? त्यांनी पिसाऱ्यावर नख ठेवलं. सगळ्या पिसांचे डोळे निळे आणि एक लाल. मी सव्वा वर्ष त्याकडे बघत होतो, मला वाटलं होतं तुझ्याकडे निळा दोरा संपला असेल. "पयल्या मोराच्या वख्ती खरंच संपला होता," त्या म्हणाल्या. "मंग म्या म्हणलं, राहू दे. नाव तं कोणी टाकू देत नाही आपलं. सगळ्याईत एक डोळा लाल ठेवतो. पोरी मोर आपला म्हणतेत, म्हणू दे. डोळा माहा हाय."

त्या दिवशी तुझा इतका तिटकारा आला, पूर्णा, की काय सांगू. दुसऱ्या बाईचे टाके प्रेमाची खूण म्हणून माझ्या हातात ठेवलेस आणि वर बोट दाखवलंस! आणि तिचाच दुसरा मोर आता पाहायला येणाऱ्या त्या पोट्ट्यासमोर लावणार. मी इथं येऊन शालूबाईंवर चार कॉलम लिहून काढले. नावानिशी, मोरानिशी, लाल डोळ्यानिशी. खरं सांगतो, त्यांच्या कौतुकासाठी नाही, तुला झोंबावं म्हणून. भाऊरावांनी वाचलं आणि कपाळाला हात लावला. "अबे, अकरा घरं हायेत हे! अकरा पोरींचे सासर हायेत! त्या बाईच्या दारात उद्या कोणी झंपर तरी शिवाले टाकीन का?" हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी सगळं छाटलं आणि वर लिहिलं, छंद: भजन. मी त्यांच्यासमोर छपाईच्या अक्षरांच्या खिळ्यांची अख्खी पेटी पालथी केली. भाऊराव ओरडले नाहीत. म्हणाले, "वेच आता." काल आणि आज मी जमिनीवर बसून खिळेच वेचतोय. बोटं काळी झालीत, या कागदावर डाग दिसतील.

पण एक गोष्ट मी मघाशी गाळली. साखरखेर्ड्याहून परत येताना हिवऱ्याच्या अलीकडे रस्त्याचं काम चाललं होतं आणि आमची गाडी थांबली. बाया खडी फोडत होत्या. ऊन कलायला आलं होतं. एक बाई उठली, पाटी डोक्यावर घेतली, आणि तिचे केस पांढरे दिसले. म्हातारी नव्हती. भुकटी होती. तुला ती ओळ आठवत असेल, 'सांजेला तू येतेस, केसांत खडीची भुकटी घेऊन.' माझ्या ज्या कवितेला गॅदरिंगमध्ये पहिलं बक्षीस मिळालं, जी ऐकून तू माझ्याशी पहिल्यांदा बोललीस, ती. तू विचारलं होतंस, प्रेयसीच्या केसांत खडीची भुकटी कशी? आणि मी तोंड वर करून म्हणालो होतो, ते प्रतीक आहे. पूर्णा, ते प्रतीक नव्हतं. त्या ओळीतली बाई म्हणजे भिमाबाई. दयारामची आई.

दयाराम तुझ्या लक्षात असेल, आमच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा, अंगात एकच पांढरा सदरा. वर्गात कविता वाचणारा मी एकटा, म्हणून त्यानं त्याची वही मला वाचायला दिली होती. मी त्यातली कविता उतरवून घेतली, 'माये' होतं तिथं 'सखे' केलं आणि स्टेजवर गेलो. नंतरच्या अकरा कवितांचंही तेच, ज्या मी तुझ्यासाठी लायब्ररीच्या पुस्तकात ठेवायचो आणि तू तिथून उचलून न्यायचीस. खडी काढायची मात्र राहून गेली, कारण ती ओळ इतकी चांगली होती की काढवेना. गॅदरिंगच्या दुसऱ्या दिवशी मेसमध्ये तो माझ्यासमोर आला. चोरी केलीस असं म्हणाला नाही. एवढंच म्हणाला, "पंजाब, तिथं माही माय होती. तिले काऊन काढलं?" आणि मी त्याच्या तोंडात मारली. सगळ्यांनी माझीच बाजू घेतली. पाटलाच्या पोराची कविता खरी, आणि खडी फोडणारीच्या पोराची चोरीची, हे ठरवायला कोणाला विचारही करावा लागला नाही. तूसुद्धा त्याच्याशी बोलणं टाकलंस, माझ्यासाठी. तो दुसऱ्या दिवसापासून मेसमध्ये माझ्यासमोरच बसायचा, नेहमीसारखा जेवायचा. मी ताट अर्धं टाकून उठायचो. म्हणून मी कॉलेज सोडलं. सगळे ढोंगी आहेत म्हणून सोडलं, असं तुला सांगितलं होतं, ते अर्धं खरं होतं. हे सांगायलाच हे पत्र लिहिलं, रविवारच्या आत, कारण तू जर त्या पोट्ट्याला नाही म्हणणार असशील तर या कवितांसाठी म्हणशील, आणि त्या माझ्या नाहीत. तुझ्या रुमालावर मी आता काय तोंडानं रागावू? तो माझ्याजवळ राहणार नाही, शालूबाईंना परत देणार आहे. परवा अकोल्याला जातोय, दयाराम यंदा बी.ए.ला आहे, माझ्याकडेच राहिलेली त्याची वही त्याच्या हातात द्यायला. तो मारील तर मार खाईन. मारणार नाही, तेच वाईट आहे. सोबत ती कविता त्याच्या शब्दांत, 'माये'सकट उतरवून पाठवतोय, एकदा वाच. रविवारी कोणी विचारलं, मोर कोणी काढला, तर काय सांगायचं ते तुझं तू बघ, मला शिकवायचा अधिकार नाही. आणि माझ्याबद्दल काही ठरवायचं असलंच, तर या पत्रावरून ठरव. खाडाखोड आहे, शाईचे डाग आहेत, पण यात दुसऱ्याच्या हातचा एकही टाका नाही.

अजून तरी तुझाच,
पंजाब