खिडकीजवळच्या लेथची मालकीण

अम्मा, मी बोलते आहे आणि नातसून लिहून घेते आहे. ती पुण्याकडची, कॉम्प्युटरच्या कंपनीत कामाला, आज सुट्टी म्हणून माझ्या तावडीत सापडली. आपलं तंजावरी मराठी तिला अर्धं कळतं आणि उरलेल्या अर्ध्याला ती हसते. मी तिला म्हटलं, हसून झालं की इस्त्री फिरवून लिही. तेव्हा ह्यात एखादं वाक्य फार गुळगुळीत लागलं तर ते तिचं समज, आणि टोचलं तर माझं. तुला वाचता येत नव्हतं आणि मला लिहिता येत नाही, म्हणजे आपल्या दोघींमधलं पत्र ही तशी थट्टाच. पण हल्ली मी फार दमते गं. चेन्नईत टी. नगरच्या ह्याच घरात आहे अजून, वरच्या माळ्यावर. खाली बॅगांचं दुकान झालंय, दिवसभर पोरं ओरडून गिऱ्हाईक बोलावतात. जिना उतरायचा म्हणजे आधी मनाची समजूत घालावी लागते, मग गुडघ्यांची. आणि त्यातच तुझ्या त्या शेअरांचं काय करायचं, हे मला ठरवायचं आहे. माझ्या जिवाला ही कटकट तूच लावून गेलीस, म्हणून तुलाच सांगते.

मला ती शेड दिसते. आवडी गावाच्या अलीकडे, पत्र्याची, पंपाचे भाग करायची. तू मागच्या बाजूला चुलीपाशी, डोळे धुरानं लाल, आणि मी केळीची पानं पुसते आहे. मुदलाळी, म्हणजे कारखान्याचे मालक, सगळे कामगार जेवून उठेपर्यंत पाण्याचा तांब्या घेऊन पंगतीत फिरतात. शेवटचा माणूस हात धुवायला गेला की मग स्वतः बसतात आणि विचारतात, "रायरम्मा, काय उरलंय?" आपण मराठी म्हणून सगळे तुला रायरम्माच म्हणायचे. तू त्यांना खरवड वाढतेस आणि दह्यात कालवलेलं डांगर, आणि ते बोटं चाटतात. आपल्या घरातही तुझा हाच नेम होता. पाहुणे आधी, घरातली माणसं मागून. मी एकदा कुरकुरले तेव्हा म्हणालीस, "घरातल्याला ठाऊक असतं ना भांड्यात किती आहे ते. तोच आधी बसला तर बाहेरच्यानं कुणाच्या भरवशावर बसायचं?"

मग कंपनीचे शेअर लोकांना विकायला निघाले, त्या साली आयुधपूजेला मुदलाळींनी पोरी-कडलेच्या, म्हणजे चुरमुरे-फुटाण्यांच्या ताटात एक पाकीट ठेवून तुझ्यापुढे केलं. पगारातून कापून नव्हे, वरून. म्हणाले, "अम्मा, ह्या कारखान्याचा एक कोपरा आता तुमचा." दुसऱ्या कुणी हात जोडून पाकीट घेतलं असतं. तू विचारलंस, "कुठला?" ते हसले आणि समोर दिसलं ते दाखवलं, खिडकीजवळचं लेथ. ते गमतीनं म्हणाले, पण तू ते पदराला गाठ मारून घेतलंस. तेव्हापासून दर आयुधपूजेला सगळ्या यंत्रांना पुजारी गंध लावायचा आणि त्या एका लेथला मात्र तू. त्यावर काम करणाऱ्याला तू तेल कमी घातलं म्हणून झापायचीस, आणि तो बिचारा "सरी अम्मा, सरी अम्मा" करत राहायचा. मी तुला समजवायला गेले की शेअर म्हणजे यंत्र नव्हे, सगळ्यातलं थोडं थोडं. तू म्हणालीस, "सगळ्यातलं थोडं म्हणजे कशातलंच नाही. मला माझं लेथ पुरे."

आणि तो बोळा आठवतो? यंत्र पुसायच्या सुताचा, तेलानं माखलेला. चूल पटकन पेटते म्हणून मी ओच्यात घालून घरी आणला. तू माझा हात धरून भर दुपारी मला परत शेडपर्यंत चालवलंस, बोळा जागेवर ठेवायला लावलास, आणि मारलं नाहीस, नुसतं म्हणालीस, "दुसऱ्याच्या घरी चोरी केली असतीस तर समजले असते. आपल्याच घरात?" मला तेव्हा हसू आलं होतं. मालकीणबाईंच्या पायात चप्पल नव्हती.

तू गेलीस त्याला खूप काळ लोटला. मुदलाळी तुझ्या तेराव्याला आले होते, पंगतीत शेवटी बसले. नंतर तेही गेले. पण तू गेल्याचं कंपनीला कळवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. दर वर्षी आडी महिन्यात, आषाढाच्या सुमारास, सभेचं पाकीट येतं, तुझ्या नावाचं. लाभांशाचे चेकही तुझ्याच नावाचे, ते बँक मला वटवून देत नाही, देव्हाऱ्यामागे पडून असतात. पण सभेला जायला कोण अडवतंय? तुझाही अंगठा आणि माझाही अंगठा, गेटवरच्या बाबूला काय फरक. मी दर वर्षी तू होऊन जाते. मार्गळी महिन्यात जिथे गाणी होतात त्याच हॉलात सभा असते. सगळे म्हातारे म्हाताऱ्या पंख्याखालची खुर्ची धरायला लवकर येतात. एकदा एक नवा बाबू कागद बघून, आजीला हाक मारावी तसा म्हणाला, "पाट्टी, हे तर पहिल्या वाटपातले शेअर! तेव्हा तुम्ही केवढ्या होता?" मी म्हटलं, "आत्ता आहे तेवढीच. कॉफी कुठे मिळते?"

त्या सभेत काय बोलतात ते मला कधी कळलं नाही, पण बोंडा कळायचा. सुरुवातीला पान वाढायचे, वर केसरी शिरा, साजूक तुपातला. मग पान गेलं, प्लेट आली. मग पुठ्ठ्याचा डबा आला आणि त्यात बोटाएवढा बोंडा, गार. मी घरी येऊन म्हणायचे, कंपनीचं काहीतरी बिनसलंय. सगळे हसायचे. मग ही नातसून घरात आली. फडताळात बरण्यांखाली मी सभेच्या पुस्तकांचे कागद अंथरते, चांगला जाड कागद असतो. ही लोणच्याची बरणी उचलून खालचं वाचत बसली.

"आजी, हे बघा, ह्यात कंपनी कुणाची आहे ते दिलंय. तीन वाटे आहेत. एक प्रवर्तकांचा, म्हणजे ज्यांनी कंपनी काढली त्या घराण्याचा. दुसरा संस्थांचा, विमा कंपन्या, म्युच्युअल फंड, परदेशातले फंड. तिसरा पब्लिकचा, म्हणजे तुम्ही."

"मी पब्लिक?"

"हो."

"आणि अम्मा?"

"त्याही पब्लिक."

"मेली तरी?"

"कंपनीला अजून ते कुठे ठाऊक आहे, आजी!"

मग तिनं एकेक बरणी उचलून सालोसालचे कागद काढले, तेलाचे डाग पडलेले. माझं फडताळ रिकामं केलं आणि मला वाचून दाखवलं. मुदलाळींच्या वेळी अर्ध्याहून जास्त कंपनी घराण्याकडे होती. मुलाच्या वेळी थोडी उतरली. आता नातवाच्या वेळी दर साली उतरतेय, आणि घराणं जेवढं सोडतंय तेवढं संस्था उचलताहेत. लपवलं काहीच नव्हतं, छापलेलंच होतं. माझ्या लिंबाच्या लोणच्याखाली छापलेलं होतं. बोंडा आणि तो आकडा बरोबरीनं बारीक होत आले होते, अम्मा.

गेल्या साली मी सभेला गेले ती विचारायचंच म्हणून. व्यासपीठावर मुदलाळींचा नातू, जरीकाठाची वेष्टी नेसलेला, कपाळाला आजोबांसारखं गंध. म्हणतो, "आपण सगळे एक कुटुंब आहोत." म्हाताऱ्यांनी नेहमीचे प्रश्न विचारले. मग माईक माझ्याकडे आला. मी तमिळमध्ये म्हटलं, "तंबी, मला हिशेब कळत नाही. पण तुझ्या आजोबांचं पान मी मांडलंय. एवढंच सांग, घरातली माणसं पंगतीतून का उठताहेत?"

"पाट्टी, मोठमोठ्या संस्था आपल्यावर विश्वास ठेवून आल्या आहेत. त्यांच्याकडे शिकलेली माणसं असतात. अभ्यास करून शेअर घेतात."

"जे आले ते दिसताहेत रे. मी गेलेल्यांचं विचारतेय."

हॉलभर हशा झाला, टाळ्या पडल्या. तोही हसला आणि म्हणाला, घराण्याच्या काही खाजगी गरजा होत्या. पण नंतर मी डब्याच्या रांगेत उभी असताना तो स्वतः खाली उतरून आला. माझ्या हातातला हजेरीचा कागद घेतला, त्यावरचं तुझं नाव वाचलं, आणि माझ्याकडे बघत राहिला. "रायरम्मा?" म्हणाला. "आजोबा त्यांच्या डांगराची फार आठवण काढायचे." त्याला माहीत होतं तू गेल्याचं, अम्मा. तरी त्यानं कागदाची घडी घालून माझ्या हातात परत दिली. मी विचारलं, लेथ आहे का रे, खिडकीजवळचं? तो म्हणाला, "आहे ना! रंग देऊन नुंगंबाक्कमच्या ऑफिसात दर्शनी ठेवलंय, काचेत." मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "पाट्टी, तुम्हीही आता उठा."

मी म्हटलं, "भात संपत आलाय का?"

त्यानं चपलेकडे बघितलं. मग म्हणाला, "कॉफी घेतलीत का?"

एवढंच. तू जन्मभर मालकीण म्हणून मिरवलीस, पण आतलं कुणी तुला कधी काही सांगितलं नव्हतं. मला सांगितलं. त्या डब्याच्या रांगेत मी पब्लिकमधून आतली झाले, आणि मला काही ते सुख झालं नाही.

घरी येऊन नातसुनेला सांगितलं. ती म्हणाली, मग विकून टाकू या. पण विकायचे तर आधी शेअर माझ्या नावावर व्हायला हवेत, आणि त्यासाठी तू मेल्याचा दाखला कंपनीत नेऊन द्यायचा. दाखला तिनं कॉर्पोरेशनमधून काढूनही आणला. फॉर्म भरला. फक्त माझा अंगठा बाकी. मी विचारलं, "हे माझे शेअर घेणार कोण?"

"संस्थाच घेतील बहुतेक. एखादा फंड."

"फंडाकडे पैसा कुठून येतो?"

"लोकांचाच असतो, आजी. आता तुमचा नातू नाही का दर महिन्याला पगारातून टाकत..." आणि ती थांबली. मग तिनं कॉम्प्युटर उघडून पाहिलं आणि हसायला लागली. नातवाच्या त्या फंडात हीच कंपनी होती. म्हणजे बघ, ज्या संस्थेला तोंड नाही म्हणून मी नावं ठेवत होते, तिच्या तोंडात माझ्याच पोराचा घास. मुदलाळींचं घराणं उठलं आणि खरवड माझ्या नातवाच्या पानात वाढली गेली. आता मी उठून आणखी थोडी वाढायची. त्याला विचारलं तर त्याला कंपनीचं नावही ठाऊक नव्हतं. "फंडवाले बघतात, आजी," म्हणाला आणि मोबाइल कानाला लावून गच्चीत गेला.

नातसून म्हणते, त्या फंडात शेकडो कंपन्या आहेत, त्याच्या वाट्याला येणार चिमूटभर. असेल. तू म्हणायचीस तसं, सगळ्यातलं थोडं. पण मुदलाळींच्या नातवानं कानात सांगितलं म्हणून आपण गुपचूप उठायचं, हे मला त्या तेलकट बोळ्यासारखं वाटतं. मला पुन्हा भर दुपारी आवडीपर्यंत चालायचं नाहीये. मी तिला हे सांगितलं तशी ती कपाळाला हात लावून म्हणाली, "अहो, भाव रोज उतरतोय. तुमच्या अम्मांनी मिळवलेल्या कागदाची रद्दी होईल."

"फडताळाला लागतेच," मी म्हटलं.

तिनं फॉर्म फाडला नाही. शाईची डबी आणि फॉर्म तिनं देव्हाऱ्याजवळ ठेवलेत, माझी अक्कल ठिकाणावर येईल म्हणून. येता जाता ते मला दिसतं. तुझी भेट मी मातीत घालतेय हे मला कळतं, अम्मा. घालवली तरी चुकलं आणि राखली तरी चुकलं, अशी ती भेट झालीय. फार दमायला होतं.

आता लिहून झालं तर ही विचारते, "आजी, पाकिटावर पत्ता काय घालू?" बघ तरी, काय प्रश्न विचारते. अख्ख्या जगात तू जिवंत आहेस ती फक्त कंपनीच्या दप्तरात, आणि तिथे तुझा पत्ता ह्याच घराचा आहे. टपालात टाकलं तर पोस्टमन फिरून माझ्याच हातात आणून देईल. राहू दे म्हटलं. बरणीखाली घाल.

एक सांगते, हे तिला लिहू नको म्हटलं तरी ती लिहिणारच. पंगतीचं आणि बोळ्याचं मी तिला ऐकवलं ते खोटं नाही, पण अंगठा अडलाय तो त्याच्यावर नाही. आडी महिना लागलाय. सभेचं पाकीट येईल तेव्हा पोस्टमन जिन्याखाली उभा राहून तुझं नाव घेऊन हाक मारेल, पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. आता ते नाव दुसरं कुणी घेत नाही. गुडघे ऐकत नाहीत, तरी मी उठते आणि वरून ओ देते.