दोन थंड वर्षं

दुर्गाघाट, काशी
१२ जानेवारी १९९४

चि. अवनीस,
शरदिनी आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. इथे सगळं ठीक. थंडी मात्र अशी आहे, की लिहायला हात रजईबाहेर काढावा लागतो याचाच राग येतो. गंगेचा पलीकडचा तीर धुक्यात बुडाला आहे. चौकात अलाव पेटला की माणसं, गाई आणि कुत्री एकमेकांना खेटून शेकत बसतात. आणि तू दिल्लीच्या ऑफिसातून लिहितेस की पृथ्वी तापते आहे! तापली असेल तर थोडी इकडे पाठवून दे.

चिडू नकोस. तुझं ज्वालामुखीचं म्हणणं मी नीट वाचलं. फिलिपाईन्समध्ये डोंगर फुटला, त्याची धूळ नि वाफ पार वर जाऊन बसली, उन्हाला आडवी आली, म्हणून गेली दोन वर्षं जग जरा थंड राहिलं. आता ती विरली की पुन्हा तापू लागेल. असेलही. पण मी जन्मभर मुलींना भूगोल शिकवला आहे. पंचाहत्तरच्या सुमारास मासिकांतलं वाचून मीच वर्गात सांगितलं होतं, की हिमयुग येणार म्हणतात. मुली बिचाऱ्या घाबरून स्वेटर विणायला लागल्या. आता म्हणे तापणार. ऊन पडलं तर कारखान्यांचा धूर, थंडी पडली तर ज्वालामुखी. म्हणजे तुमचं कधी चुकायचंच नाही! एवढ्या भरवशावर सगळ्या जगाला धूर कमी करायच्या करारात बांधायचं हे मला पटत नाही. पटेल तेव्हा सांगेन, त्याआधी नाही.

इथेही नियमाचं वारं आलं आहे. गल्ल्यांतल्या कोळशाच्या भट्ट्या बंद करणार अशी नोटीस लागली आहे. आपल्या घराखालचा विष्णु हलवाई परवा विचारत होता. मी त्याला सांगितलं, शास्त्रज्ञांचंच आपसांत ठरलेलं नाही, जग तर उलट थंड झालंय. झालं! त्याने ते वाक्य सगळ्या हलवायांत पोचवलं. महिनाअखेरीला त्यांची सभा आहे आणि तिथे मला बोलायला बोलावलं आहे. "बहनजी, जब धरती ठंडी हो रही है, तो भट्ठी काहे बंद करें?" असं म्हणाला. मी हो म्हटलं. निवृत्त झाल्यावर कुणी भाषणाला बोलावलं तर बरं वाटतं गं.

तू बाबांचं विचारलं नाहीस तरी सांगते, दादा ठीक आहे. सध्या विश्रांती घेतो. थंडीमुळे वेदपाठाला मुलंही कमी येतात. बाकी विशेष नाही.

तुझी,
आत्या


दुर्गाघाट, काशी
३ फेब्रुवारी १९९४

चि. अवनीस, अनेक आशीर्वाद.

सभा झाली. तिचं सांगते, पण आधी दुसरं सांगायला हवं. तुझे बाबा ठीक नाहीत. मागचं पत्र लिहिलं तेव्हाच ते रुग्णालयात होते आणि मी त्यांच्या पलंगाजवळच्या स्टुलावर बसून तुला थंडीच्या गमती लिहीत होते. दादाने मला शपथ घातली होती. "तिला कळवायचं नाही. ती जगाची हवा सुधारायला गेली आहे, तिला घरातल्या खोकल्यासाठी बोलवायचं नाही." तू दिल्लीची नोकरी धरलीस तेव्हा तुम्हा दोघांत जे शब्द झाले, ते अजून त्याच्या घशात अडकले आहेत. तुझ्याही असतील. मला त्या भांडणात पडायचं नाही. पण शपथ मी मोडते आहे.

अमृतराव घाटावर ब्राह्मणमंडळी पाठाला बसली होती. दादा नेहमीसारखा मधे. एका ऋचेच्या अर्ध्यात त्याचा आवाज थांबला. लोकांना वाटलं, विसरला. दादा आणि विसरणार! त्याला श्वासच मिळत नव्हता. ओठ निळे पडले होते. दोघांनी खांद्याला धरून पायऱ्या चढवल्या.

डॉक्टर तरुण आहेत. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, बिडी किती ओढतात? मी म्हटलं, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. मग त्यांनी विचारलं, बसता-उठता कुठे? मी सांगितलं, गल्लीवरच्या खिडकीपाशी, पहाटेपासून तिथेच संथा देतात. खाली काय आहे? खाली विष्णुची भट्टी. त्यांनी मान हलवली. "इतकी वर्षं त्या खिडकीत बसून मोठमोठे श्वास घेतायत," म्हणाले, "फुप्फुस काय करणार?"

अवनी, त्या खिडकीच्या चौकटीवरची काजळी मी दर दिवाळीला पुसत आले आहे.

सभेच्या दिवशी मी रुग्णालयातूनच गेले. धर्मशाळेची खोली गच्च भरली होती. विष्णुने हार घातला. माझं वाक्य त्यांनी कापडावर रंगवून भिंतीला लावलं होतं: धरती ठंडी हो रही है. ते वाचलं आणि गळ्यातला हार काढून ठेवला. बोलायचं काय ते ठरलं होतं.

मी म्हटलं, "धरती गरम होतेय की थंड, मला ठाऊक नाही. माझी भाची सांगते ते मला अजून पटलेलं नाही, आणि हे मी तिच्या तोंडावर सांगते. पण माझी शंका पृथ्वीबद्दल आहे. धुराबद्दल मला शंका नाही. माझा भाऊ रुग्णालयात आहे. त्याच्या छातीत कुठला ज्वालामुखी गेलेला नाही, या गल्लीतला कोळसा गेला आहे. माझी शंका तुमच्या भट्टीची ढाल म्हणून वापरू नका. ते कापड उतरवा."

कुणी टाळी वाजवली नाही. मागून एकजण ओरडला, "मास्टरनी बिक गई!" विष्णु मात्र ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "बहनजी, हमरे पेट पर लात मार दीं." त्याला मी चड्डीत फिरताना पाहिलंय गं. ते फार लागलं. तरी मी तिथून उठले नाही. कापड उतरेपर्यंत बसून राहिले.

दुसऱ्या दिवसापासून कचौडी बंद, नमस्कार बंद. मी मुद्दाम रोज त्याच्या दुकानापुढून जाते. काल उभी राहिले आणि विचारलं, "धुराडं का नाही बांधत?" तो म्हणाला, "कोण बांधू देतो? वर न्यायचं तर कुणाच्या तरी भिंतीवरून न्यावं लागतं." मी म्हटलं, माझ्या भिंतीवरून ने, छताच्या वर, हवं तेवढं उंच. तो कढईकडे वळला. उत्तर दिलेलं नाही. देईल. नाही दिलं तर उद्या पुन्हा विचारीन.

तू ये. दादा तोंड फिरवील, फिरवू दे. पलंगाच्या दोन्ही बाजूंना जागा आहे.

वाट पाहणारी,
आत्या


दुर्गाघाट, काशी
१८ जून १९९५

चि. अवनीस, अनेक आशीर्वाद.

ऊन कसलं पडलंय! लू इतकी चालते, की दुपारी घाटाकडे माणूस फिरकत नाही. पेपरात रोज माणसं गेल्याच्या बातम्या. तुझ्या पत्रात टोमणा असेल म्हणून मी ते घाबरतच उघडलं. नव्हता. त्याबद्दल तुझं कौतुक.

धूळ विरेल आणि पुन्हा तापेल असं तू दीड वर्षापूर्वी लिहिलं होतंस. तसंच झालं. पण एका उन्हाळ्यावरून मी मान्य करणार नाही. आणि तोच न्याय लावला, तर दोन थंड वर्षांवरून मी 'जग थंड होतंय' म्हणायला नको होतं, हेही आलंच. रांधता रांधता हे सुचलं आणि डाळ करपली.

भट्ट्यांचा नियम कागदावरच राहिला. साहेब बदलले, नोटिशीवर सिनेमाचं पोस्टर चिकटलं. विष्णुचं धुराडं मात्र आपल्या भिंतीवरून उभं आहे. त्याचं बघून पलीकडच्या दोघांनीही उभारली. तू म्हणशील, आत्या, धूर गल्लीतून काढून आकाशात सोडलास, एवढंच केलंस. खरं आहे. वर गेलेल्या त्या धुराचं पुढे काय होतं हे मला कळायला हवं, म्हणूनच तुला लिहिते आहे.

तू आलीस तेव्हा दादाने विचारलं होतं, दिल्लीची हवा कशी आहे? तू म्हणालीस, इथल्यापेक्षा वाईट. तेव्हा तो खोकला येईपर्यंत हसला, आणि त्याहून जास्त तुम्ही दोघं काही बोललात असं मला वाटत नाही. पण आता तो टपालवाल्याची चाहूल घेत बसतो. पाठाला पुन्हा बसतो. श्वास संपला की थांबतो, मुलं तिथूनच पुढे म्हणत राहतात, आणि दम आला की तो मधेच मिसळतो. बाहेरून ऐकणाऱ्याला कळतसुद्धा नाही.

तुझ्या ऑफिसातले ते तक्ते आणि आलेख मला पाठव, सोपे करून नकोत. सगळं वाचीन, जिथे पोकळ वाटेल तिथे तुला धरीन. काही पोकळ निघालं नाही, तर त्याच धर्मशाळेत त्याच लोकांपुढे उभी राहून सांगेन. या वेळी त्यांनी बोलवायची वाट बघणार नाही.

अजून न पटलेली, पण अभ्यासाला बसलेली
तुझी,
शरदिनी आत्या